पंधरा अंशांची थंडी आणि रायगडची वाडी

भारतीय हवामान विभागाच्या लेखी किनारपट्टीवरची थंडीची लाट १५ अंश सेल्सिअसला सुरू होते. किमान तापमान तिथवर उतरलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली असलं, की लाट म्हणता येते. मैदानी भागात हाच आकडा १० अंश आहे. उष्णतेच्या लाटेचे निकषही असेच वेगळे आहेत: मैदानात ४० अंश, किनाऱ्यावर ३७. समुद्र शेजारी असला की हवा फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अशा सांभाळून घेणाऱ्या हवेत वाढलेली झाडं दोन-तीन अंशांच्या फरकानेही बिथरतात. सासवणे, किहीम, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या सगळ्या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या मागच्या आंब्याच्या बागा गेली पंधरा वर्षं हेच अनुभवत आहेत.

हवा लहरी झाली, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरवर आदळलं. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत कोकणावर अवकाळी पाऊस कोसळला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला; १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. प्रश्न उरतो तो वाडीच्या देखभालीचा. नक्षत्रांवर बसवलेलं कामांचं वेळापत्रक अशा हवेत कितपत चालतं, कुठे बदलावं लागतं, आणि बदलताना जुन्यातलं काय टिकवायला हवं?

वाडी म्हणजे काय

या किनाऱ्यावरची बाग परसातल्या फुलझाडांपुरती नसते. काही गुंठ्यांच्या रेताड जमिनीत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढवलेली काळी मिरी किंवा पानवेल, मध्ये जायफळ, खाली केळी, अननस, अळू असे मजले असतात. भोवती जांभ्याचा गडगा किंवा काटेरी कुंपण, एका कोपऱ्यात विहीर, विहिरीवर पूर्वी रहाट आणि आता पंप, दोणीतून निघून झाडाझाडाच्या आळ्यापर्यंत जाणारे पाट. पाणी देण्याच्या या कामाला इथे 'शिंपणं' म्हणतात आणि ते पाऊस सरल्यापासून पुढच्या मृगापर्यंत चालतं.

या रचनेत हवामानाचं शहाणपण आहे. माडाची सावली पोफळीचं खोड जळण्यापासून वाचवते. दाट झाडोरा खारा वारा अडवतो. खाली पडलेला पातेरा ओल धरतो. वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात, अशा प्रदेशात रेताड जमीन हिरवी ठेवण्याचा हा पिढ्यान्‌पिढ्या पारखलेला मार्ग आहे. एका पिकाला हवा बाधली तरी दुसरं हाताशी राहतं, हा त्याचा आणखी एक लाभ.

थंडीवर अवलंबून असलेली तीन पिकं

रायगडची थंडी सौम्य असली तरी तिच्यावाचून चालत नाही. सर्वांत आधी आंबा. पाऊस संपला की हापूसला ऑक्टोबरच्या उन्हात पालवी फुटते. ती जून व्हावी, जमीन सुकावी, झाडाला थोडा ताण बसावा आणि मग रात्री गार पडाव्यात, म्हणजे काडीच्या टोकाला पालवीऐवजी मोहोर येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस झाला तर ही साखळीच तुटते. ओल मिळाल्यावर झाड पुन्हा पालवी काढतं आणि मोहोर लांबतो. आलेल्या मोहोरावर दमट हवेत करपा आणि भुरी बसते, कोवळ्या पालवीवर तुडतुडे वाढतात.

थंडी उशिरापर्यंत रेंगाळली तर वेगळाच गोंधळ होतो. एकदा फळ धरलेल्या काडीवर पुन्हा मोहोर येतो, झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि वाटाणा-गोटीएवढी कैरी गळून पडते. या पुनर्मोहोरावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम जिबरेलिक अ‍ॅसिडची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात एक ग्रॅम. मोहोर पूर्ण उमलल्यावर एकदा आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा एकदा ते फवारायचं असतं. इथे तारीख कामाची नाही, झाडाची अवस्था पाहावी लागते. एकाच बागेत दोन झाडं दोन अवस्थांत असली तर फवारणीचा दिवसही दोन्हींसाठी वेगळा ठरतो.

मोहोर नियमित यावा म्हणून कोकणात पॅक्लोब्युट्रॅझॉल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेलं 'कल्टार', सर्रास वापरलं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटरमागे तीन मिलिलिटर या हिशेबाने ते बुंध्याभोवतीच्या मातीत देतात. दरवर्षीच्या चढउताराला त्याने आळा बसतो आणि मोहोर लवकर येतो, हे खरं. पण हे औषध वाढ रोखून काम करतं. भरपूर शेणखत आणि खतं न देता, अशक्त किंवा कमी वयाच्या झाडांना ते वर्षानुवर्षं देत राहिलं तर झाड थकतं. हवा बेभरवशाची झाली की मात्रा वाढवण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच टाळायला हवा.

रायगडच्या आंब्याची एक अडचण भूगोलाने दिलेली आहे. कोकणात हंगाम दक्षिणेकडून सुरू होतो. देवगडचा आंबा आधी, मग रत्नागिरीचा, आणि अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनचा बराचसा माल मेमध्ये तयार होतो. त्यामुळे २०२५ सारखा पाऊस पंधरवडाभर आधी आला की झाडावर उरलेलं फळ इथेच जास्त असतं. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रायगडही आहे, पण बाजारात हा उशीर महाग पडतो. फळ अंड्याएवढं झाल्यावर त्याला कागदी पिशवी घालणं, झाडाखाली गवताचं आच्छादन करून जमिनीचा ताव कमी करणं आणि फळ पूर्ण पिकण्याची वाट न पाहता पक्व होताच देठासह झेल्याने उतरवणं, हे उपाय उन्हाचे डाग, गरातला साका आणि शेवटच्या पावसाची भीती या तिन्हींवर एकदम काम करतात. त्यात मजुरी लागते, विशेष यंत्र लागत नाही.

दुसरं पीक अलिबागचा पांढरा कांदा. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव परिसरात भाताची कापणी झाल्यावर त्याच जमिनीत त्याची लागवड होते. चवीला गोडसर असलेला हा कांदा पातीसह वेणीसारखा विणून माळांनी विकला जातो. २०२२ मध्ये त्याची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. कांद्याला वाढीच्या काळात गारवा आणि पोसण्याच्या काळात कोरडी, वाढत्या उन्हाची हवा लागते. भात उशिरा निघाला की लागवड उशिरा होते, आणि फेब्रुवारीतच उन्हाचा तडाखा बसला तर कांदा लहान राहतो. डिसेंबरच्या पावसाने वाफ्यात पाणी साचलं तर रोपं कुजतात. म्हणून सपाट वाफ्यांऐवजी किंचित उंच गादीवाफे करणं आणि रोपवाटिकेचा एक भाग मुद्दाम पंधरा दिवस मागे ठेवणं, हे दोन साधे बदल इथे उपयोगी पडतात.

तिसरं पीक वाल. भाताच्या मागे उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर तो वाढतो. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. जानेवारीत शेंगा भरल्या की गावोगाव पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी, आणि वरून शेकोटीची धग. दव कमी पडलं किंवा फुलोऱ्यात पाऊस आला की शेंगा धरत नाहीत. पोपटीचा मुहूर्त पुढे-मागे होणं हे थंडीच्या बदललेल्या चालीचं इथल्या घराघरांत कळणारं लक्षण आहे.

उन्हाळा: पाणी आणि ताव

मार्चपासून वाडीची कसोटी सुरू होते. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे किनारा गार ठेवतात. जमिनीवरून वाहणारे कोरडे वारे जोर धरून बसले आणि समुद्रवारा दुपारपर्यंत सुटला नाही, तर तापमान एकाएकी चढतं. मार्च २०१७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्याच, पण किनाऱ्यापासून आत असलेल्या भिरा इथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती. किनाऱ्यावर एवढं होत नाही, तरी अशा दिवसांत आंब्याची कोवळी फळं गळतात, जायफळाची पानं करपतात आणि पोफळीच्या खोडाच्या नैर्ऋत्येकडच्या बाजूवर चट्टे पडतात. दुपारनंतरचं तिरपं ऊन त्याच बाजूने लागतं. चट्टा पडलेलं खोड पुढे तडकतं आणि वाऱ्यात तिथेच मोडतं. खोडाला झावळ्या किंवा विऱ्या बांधणं आणि वाडीच्या नैर्ऋत्य कडेला केळीची किंवा दाट झाडांची रांग ठेवणं, हे काम फेब्रुवारीतच उरकावं लागतं.

पाण्याचा प्रश्न याहून खोल आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. रहाट बैलाच्या चालीने फिरायचा, गाडग्यांत मावेल तेवढंच पाणी यायचं आणि विहिरीला भरायला वेळ मिळायचा. पंप तासाभरात विहीर तळाला नेतो. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. रायगडच्या किनाऱ्यावर गेल्या दोन दशकांत बंगले, रिसॉर्ट आणि पोहण्याचे तलाव वाढले. त्यांचा उपसा त्याच थरातून होतो. एका वाडीने ठिबक बसवून पाणी वाचवलं तरी शेजारचा उपसा थांबत नाही. हा प्रश्न गावपातळीवरच सुटू शकतो.

वाडीत मात्र करता येण्यासारखं बरंच आहे. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज तीस-चाळीस लिटर पाणी पुरतं. पाटाने याच्या कितीतरी पट जिरतं. आळ्यात नारळाची सोडणं पुरली तर ती पाणी धरून ठेवतात आणि अनेक वर्षं टिकतात. झावळ्या व पातेरा जाळण्याऐवजी आळ्यात पसरणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पर्यटनाच्या गावांत 'स्वच्छ' वाडी दिसावी म्हणून पातेरा झाडून पेटवण्याची सवय लागली आहे. रेताड जमिनीवर हा धूर म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचं पाणी उडून जाणं आहे.

आगोटीची कामं

मेच्या उत्तरार्धात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या कामांची, घाई असते. माडाची कोंब-साफसफाई, सुकलेल्या झावळ्या आणि पोयी काढणं, उरलेले नारळ पाडणं, चर मोकळे करणं, खतं देणं. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश हप्त्यांनी द्यावं, त्याला भरपूर शेणखताची जोड असावी, अशी शिफारस आहे. पाऊस ७ जूनच्या आसपास येणार असं धरून ही कामं मेअखेरीस ठेवली जात. पाऊस २५ मेला आला तर ती अर्धवट राहतात. आगोट आता मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवी आणि खताचा पहिला हप्ता जमिनीत ओल आल्यावरच, पण झडी लागण्याआधी द्यायला हवा.

पोफळीसाठी आगोटीतलं सर्वांत महत्त्वाचं काम बोर्डो मिश्रण. पावसात सुपारीवर कोळे रोग पडतो: हिरवी फळं काळपट होऊन गळतात आणि घोस रिकामा होतो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर या एक टक्का मिश्रणाची पहिली फवारणी पावसाआधी आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप साधून करतात. हे मिश्रण एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांसाठी निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञाने सुपारीच्या कोळ्यावर ते यशस्वी करून दाखवलं, आणि शंभरहून अधिक वर्षांनीही त्याला तोड नाही. अडचण ती उघडिपीची. जुलैत सलग पंधरा दिवस पाऊस थांबला नाही तर दुसरी फवारणी राहते. अशा वेळी घोसांना पावसाआधीच प्लास्टिकचं आवरण बांधणं हा पर्याय आहे. कष्ट जास्त, पण हवेची मर्जी सांभाळावी लागत नाही.

सुपारीचा धोका पाऊस सरल्यावरही संपत नाही. उतरवलेली सुपारी खळ्यात सुमारे चाळीस दिवस कडक उन्हात वाळवावी लागते, तेव्हा श्रीवर्धनी रोठा सुपारीचा पांढरा, संगमरवरी गाभा टिकतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या एका पावसाने खळ्यातल्या मालाला बुरशी लागते आणि दर उतरतो. पारदर्शक छपराचं साधं वाळवणघर ही या पट्ट्यातल्या सुपारीवाल्यांची आता गरज आहे.

या सगळ्या कामांना माणूस लागतो, आणि माडावर चढणारे पाडेली कमी होत चालले आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ पासून शिडी-यंत्राने चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. कोंब-साफसफाई वेळेत होत नाही तेव्हा गेंड्या भुंगा कोवळा कोंब पोखरतो, त्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो आणि माड उभ्या उभ्या जातो. गेंड्या भुंग्याची पैदास उघड्या शेणाच्या ढिगात आणि कुजक्या खोडात होते. म्हणून मेमध्ये खतखड्डा उपसून अळ्या वेचणं हे माडावर चढण्याइतकंच मोलाचं काम आहे.

निसर्गनंतरचा हिशेब

३ जून २०२० च्या दुपारी ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा परिसरातल्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ उंच आणि सडपातळ. ती कमरेतून मोडली. माड मुळासकट पडले किंवा त्यांचे शेंडे पिळवटले. पुळणीवरची सुरूची बनं कोसळली. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राची बागही याच वाऱ्याच्या वाटेत होती.

वादळ गेल्यावरचं नुकसान हळूहळू दिसलं. माडांचं छत्र गेलं आणि वाचलेल्या पोफळी उन्हात जळू लागल्या. पडलेली खोडं महिनोन्‌महिने तशीच राहिली आणि भुंग्यांना पैदाशीची जागा मिळाली. गुंठ्या-गुंठ्याच्या वाडीत पडलेलं लाकूड हलवायला वाट नव्हती.

मदतीच्या निकषांनीही वाडीची ओळख किती अपुरी आहे ते दाखवलं. हेक्टरी मदतीचा हिशेब मोठ्या सलग बागेला लागू पडतो. इथे पाच-दहा गुंठ्यांत शेकडो झाडं असतात. मागणी लावून धरल्यावर राज्य सरकारने झाडामागे मदत ठरवली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५० रुपये. तत्त्व बरोबर होतं, रक्कम तोकडी. शिफारशीनुसार २.७ मीटर अंतरावर लावली तर हेक्टरी साधारण १,३७० पोफळी बसतात. त्या सगळ्या गेल्या तरी मदत ६८ हजारांच्या आसपास, आणि नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं. उंच माडही सावकाशच धरतो. आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, त्यात अवकाळी पाऊस, कमी-जास्त तापमान आणि वाऱ्याचा वेग मोजला जातो. माड, पोफळ, मिरी, जायफळ एकत्र असलेल्या वाडीला एकच विमा असं सूत्र अजून बसलेलं नाही. ते बसवायचं तर आधी झाडांची नोंद हवी. सात-बारावर 'बागायत' एवढाच शेरा असून भागत नाही; किती झाडं, कोणत्या जातीची, किती वयाची, हे दर काही वर्षांनी नोंदवलं गेलं पाहिजे.

नव्या लागवडीत सरसकट पूर्वीसारखंच लावण्याचा आग्रह किंवा सगळं बदलून ठेंगू जाती आणण्याचा उत्साह, दोन्ही टोकं टाळण्यासारखी आहेत. ठेंगू आणि संकर माड लवकर धरतात, पाडायला सोपे असतात, पण त्यांना पाणी-खत जास्त आणि नियमित लागतं. उंच बाणवली माड रेताड, खाऱ्या हवेत टिकतो आणि दीर्घायुषी आहे. समुद्राच्या बाजूला बाणवली, आतल्या आसऱ्याला संकर, अशी वाटणी शहाणपणाची. वाऱ्याच्या अडसरासाठी एकट्या सुरूवर विसंबण्यापेक्षा उंडी, केवडा, करंज अशा किनाऱ्याच्या मूळ झाडांची मिश्र पट्टी हवी. एका जातीची बनं एकाच वाऱ्यात जातात हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

दापोली विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, रोह्याला किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, श्रीवर्धनला सुपारी केंद्र आहे. ज्ञानाची सोय जवळ आहे. कमी आहे ती दोन गोष्टींची. एक, गावनिहाय नोंद: पालवी कधी फुटली, मोहोर कधी आला, विहिरीचं पाणी कधी मचूळ झालं, पहिलं दव कधी पडलं. अशा पाच-सात वर्षांच्या वह्या एकत्र आल्या तर सल्ला तालुक्याऐवजी गावाला देता येईल. शाळा आणि ग्रामपंचायतींना हे काम सहज जमण्यासारखं आहे. दुसरी, खात्रीची रोपं. निसर्गनंतर श्रीवर्धनी सुपारीच्या रोपांना मागणी एकदम वाढली, आणि मातृवृक्षच पडल्यावर बियाणं कमी पडणं स्वाभाविक होतं. प्रत्येक तालुक्यात निवडक मातृवृक्षांची यादी आणि दोन-तीन ठिकाणी विभागलेल्या रोपवाटिका असल्या, तर पुढच्या वादळानंतर शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

२०२१ च्या पावसात लावलेल्या पोफळी २०२७-२८ च्या सुमारास धरू लागतील. तोवर त्यांच्या नैर्ऋत्येची केळ जिवंत ठेवणं, आळ्यातली सोडणं बदलणं, पावसाआधी बोर्डो मारणं आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात चर उपसणं ही कामं दरवर्षी व्हायला हवीत. त्याच काळात झाडनिहाय नोंदीचं आणि वाडी विम्याचं सूत्र जिल्हा पातळीवर ठरलं, तर त्या पोफळींचं पहिलं पीक खळ्यात येईल तेव्हा त्यांच्यामागे मालकाच्या कष्टाबरोबर विम्याचं आणि नोंदीचं संरक्षणही उभं असेल.